हळू वाजवताना बरोबर, लय वाढवली की त्याच जागी अडखळ: आधी काय तपासायचं?

तक्रार ठरलेली असते. पियानोवर अवघड रचना हळू वाजवली की सगळे सूर जागच्या जागी पडतात. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या गतीने ठोके देणारं यंत्र, थोडा थोडा वर नेला की एका आकड्यापर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यापुढे मात्र तोच बार (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेषांमधला भाग), तेच बोट, तीच चूक. मग ती ओळ पुन्हा पुन्हा घोटली जाते. रात्री उठताना जमल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी वाद्याशी बसलं की गाडी परत तिथेच अडते.

अशा वेळी आणखी घोटण्याआधी थांबा. चूक जिथे ऐकू येते तिथेच ती घडलेली असते असं नाही. बहुतेक वेळा ती दोन-चार सूर आधीच घडून गेलेली असते. कारण न शोधता घोटत राहिलं तर हात ती चूकच पाठ करतो. म्हणून आधी निदान करायचं आणि मग रियाज.

उदाहरण म्हणून एकोणिसाव्या शतकातले संगीतकार शोपँ यांची पियानोसाठीची फँटसी-इम्प्रॉम्प्टू, ओपस (रचनाक्रमांक) ६६, घेऊ. मध्यम टप्प्यावरचे विद्यार्थी तिच्याकडे ओढले जातात आणि नेमके इथेच अडकतात. शिवाय तांत्रिक अडचणींचे बहुतेक प्रकार या एकाच रचनेत सापडतात. तुमची रचना दुसरी असली तरी तपासायची पद्धत हीच.

आधी चार चाचण्या

पहिली चाचणी: अडखळणारा बार एकेका हाताने पूर्ण लयीत वाजवून बघा. दोन्ही हात सुटे व्यवस्थित चालत असतील तर दोष जुळणीत आहे. एक हात सुटा वाजवतानाही अडखळत असेल तर दोन्ही हात एकत्र घोटण्यात काहीच अर्थ नाही. त्या एका हाताचं फिंगरिंग (कोणता सूर कोणत्या बोटाने वाजवायचा ते) किंवा हालचाल चुकते आहे.

दुसरी: थेट त्या अवघड बारपासूनच सुरुवात करा. मागून येताना बिघडतं पण तिथूनच सुरू केलं तर नीट येतं, असं झालं तर तो बार निर्दोष आहे. हात तिथे पोचतो तोच चुकीच्या जागी किंवा चुकीच्या बोटावर. ही चाचणी फारच कमी जण करतात, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

तिसरी: पियानोचं झाकण लावा आणि त्यावर तोच बार बोटांनी वाजवा, सूर मनात म्हणत. बोटं इथेही गोंधळली तर तंत्राला दोष देऊ नका, पाठांतर कच्चं आहे.

चौथी: मोबाईल बाजूला उभा करून चित्रीकरण करा आणि ते संथ गतीने बघा. सुरांकडे लक्ष देऊ नका. खांदा वर चढतो का, अवघड जागेच्या आधी अंगठा ताठ होतो का, न वाजणारी करंगळी हवेत आकड्यासारखी उभी राहते का, एवढंच बघा. हाताला जे आतून जाणवत नाही ते इथे डोळ्यांना दिसतं.

फिंगरिंग

फँटसी-इम्प्रॉम्प्टूमध्ये उजवा हात पाचव्या बारमध्ये येतो. पहिली वळणं अशी: जी शार्प, ए, जी शार्प, एफ डबल शार्प, जी शार्प, मग सी शार्प आणि ई. इथली पहिली चूक बोटांची नसून वाचनाची असते. शार्प म्हणजे सूर एक पट्टी वर, डबल शार्प म्हणजे दोन. त्यामुळे एफ डबल शार्प म्हणजे पियानोवर जी ची पांढरी पट्टी. घाईत ते एफ शार्प वाचलं जातं आणि कानाला काहीतरी खटकत असूनही हात तेच वाजवत राहतो. थोडं पुढे बी शार्प येतो, म्हणजे सी ची पट्टी. तिथेही हाच घोटाळा. अडलेल्या बारमधला प्रत्येक सूर एकदा शांतपणे, बोट ठेवून वाचा. पाठ झालेल्या ओळीतही वाचनाची चूक निघते.

नंतर बोटं. इथे जी शार्प ही काळी पट्टी मध्ये आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या. हात पट्ट्यांच्या कडेला ठेवला तर काळ्या पट्टीसाठी प्रत्येक वेळी पुढे सरकावं लागतं आणि पांढरीसाठी मागे यावं लागतं. हळू लयीत ही ये-जा कळतही नाही. सेकंदाला दहाच्या आसपास सूर पडायला लागले की तिच्यासाठी वेळच उरत नाही. उपाय सोपा आहे: हात मुळातच थोडा आत, काळ्या पट्ट्यांच्या जवळ ठेवायचा आणि पांढरे सूर काळ्या पट्ट्यांमधल्या अरुंद जागेत वाजवायचे.

शोपँ स्वतः शिकवतानाही हातापासूनच सुरुवात करत. नवख्या विद्यार्थ्याची पाच बोटं ते ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प आणि बी या पट्ट्यांवर ठेवायला लावत, म्हणजे लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा व करंगळी पांढऱ्यांवर. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर सप्तक वाचायला सोपं असलं तरी हाताला अवघड, असं त्यांचं मत होतं. काळ्या पट्ट्यांनी भरलेली ही रचना बघून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नोटेशन भीतीदायक दिसतं, पण हाताला या पट्ट्या सोयीच्या आहेत.

छापील प्रतीतलं फिंगरिंग हा एका संपादकाच्या हाताला मानवलेला सल्ला असतो. तुमच्या हाताला ते जमत नसेल तर खुशाल बदला. फक्त बदल पूर्ण लयीत तपासूनच पक्का करा. हळू वाजवताना कुठलंही फिंगरिंग चालतं आणि त्यामुळेच फसवतं. पक्कं झालं की पेन्सिलने प्रतीवर लिहा. एकदा ३, एकदा ४ असं बोट बदलत राहिलं तर हात दोन वेगवेगळ्या ओळी शिकत राहतो आणि ऐन वेळी त्यांची गल्लत होते.

"हळू वाजव" हा सल्ला कुठे अपुरा पडतो

हा सल्ला सगळेच देतात. तो बरोबरही आहे, पण अर्धाच. हळू वाजवताना प्रत्येक बोट वेगळं उचलायला, खाली आणायला, मग हात पुढच्या जागी न्यायला भरपूर वेळ मिळतो. जलद लयीत ही हालचाल शक्यच नसते. तिथे बोट वाजत असतानाच हात पुढच्या जागेकडे निघालेला असावा लागतो, मनगट किंचित फिरतं आणि बोटं पट्टीपासून जेमतेम उचलली जातात. म्हणजे महिनाभर जी हालचाल पक्की केली ती वरच्या लयीत कामालाच येत नाही. मेट्रोनोमचा काटा एका आकड्यावर अडतो तो बहुधा यामुळेच.

म्हणून उलटं करा. अडलेल्या ओळीतले फक्त चार सूर घ्या आणि पाचव्यावर थांबा. हे पाच सूर एकदम पूर्ण लयीत वाजवा. चुकले तरी चालेल. हात काय करतो ते बघा: मनगट कुठे वळलं, कोपर किती सरकलं, अंगठा कधी निघाला. मग तीच हालचाल, तशीच छोटी आणि सलग ठेवून, हळू करा. आता तुम्ही जे हळू वाजवता आहात ते जलद वाजवण्याचंच संथ रूप आहे. हे पाच सूर सुटले की पुढचे पाच. पहिल्या गटाचा शेवटचा सूर हाच दुसऱ्या गटाचा पहिला सूर ठेवायचा. गट नेहमी बारच्या रेषेवर तोडू नका. हात ज्या रेषेवर थबकायला शिकतो तिथेच कार्यक्रमात अडखळतो.

गट जोडताना मागून पुढे या. ओळीचा शेवटचा गट आधी, मग त्याच्या आधीचा धरून शेवटपर्यंत, मग त्याच्याही आधीचा. असं केलं की वाजवताना आपण कायम ओळखीच्या भागाकडे जात असतो. नेहमीसारखं सुरुवातीपासून घोटलं तर सुरुवात शंभर वेळा वाजते आणि शेवट दहा वेळा, आणि तो शेवट ऐकणाऱ्यालाही कळतो.

लांब-आखूड लयीचा जुना उपाय, म्हणजे समान सुरांची ओळ लांब-आखूड, लांब-आखूड अशी वाजवायची आणि मग उलट, आजही कामाचा आहे. त्यात सुरांची प्रत्येक जोडी पूर्ण वेगाने वाजते आणि मध्ये हात सैल सोडायला जागा मिळते. ती जागा मात्र खरोखर सैल सोडण्यासाठी वापरा. लांब सुरावर हात आवळून पुढच्या उडीची वाट बघत बसलात तर आवळणंच पक्कं होईल.

चारला तीन

या रचनेचं खरं दुखणं हे. एका ठोक्यात उजवा हात चार सूर वाजवतो आणि डावा तीन. उजवीकडे चौगुण, डावीकडे तिगुण, दोन्ही एकाच वेळी. दोन्ही हात फक्त ठोक्यावर भेटतात, मधला एकही सूर एकत्र पडत नाही. ज्यांचे हात सुटे उत्तम चालतात त्यांचंही इथे मोडतं.

एकदाच गणित समजून घ्या. ठोक्याचे बारा सारखे भाग करा. उजव्याचे सूर १, ४, ७ आणि १० वर. डाव्याचे १, ५ आणि ९ वर. म्हणजे क्रम असा: दोन्ही, उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा. त्यांच्यामधली अंतरं तीन, एक, दोन, दोन, एक, तीन.

हे मोजत बसण्यापेक्षा "राम आला घरी" असं लयीत म्हणा: राऽऽ-म-आऽ-लाऽ-घ-रीऽऽ. म तोडू नका, पूर्ण उच्चारा. रा तीन मात्रांचा, म एक मात्रेचा, आ आणि ला दोन-दोन, घ एक, री पुन्हा तीन. रा वर दोन्ही हात, म उजवा, आ डावा, ला उजवा, घ डावा, री उजवा. पियानो न उघडता मांड्यांवर थाप देत हे म्हणा. जीभ आणि हात एकत्र सहज चालेपर्यंत पट्ट्यांना हात लावू नका.

मग पट्ट्यांवर, पण एकाच ठोक्यापुरतं: चार सूर, तीन सूर आणि पुढच्या ठोक्याचा पहिला सूर. तिथे थांबा, हात सोडा, परत. इतकं हळू की म आणि आ चे सूर एकामागून एक स्वतंत्र ऐकू यावेत. इथे सगळ्यांची एकच सवय असते: हे दोन सूर चिकटवून एकत्र वाजवायचे. तसं केलं की चारला तीन ऐवजी काहीतरी लंगडं तयार होतं आणि वेग वाढल्यावर ते अधिकच लंगडतं.

हे जमलं की गणित सोडून द्यायचं, आणि हे मी आग्रहाने सांगतो. खऱ्या लयीत कुणीही अशी मोजदाद करत नाही, करू शकतच नाही. तिथे दोन्ही हात आपापल्या ओळी सांभाळतात आणि फक्त ठोक्यावर भेटतात. त्याची तयारी वेगळी. मेट्रोनोम एका ठोक्याला एकच वाजेल असा लावा. डाव्या हाताने चार ठोके सलग वाजवा. मग मध्ये न थांबता चार ठोके फक्त उजवा. मग चार ठोके डावा आणि त्यातल्या शेवटच्या एका ठोक्यापुरता उजवा सोबत घ्या. हळूहळू सोबतीचे ठोके दोन, तीन असे वाढवा. डावा हात उजव्याच्या आगमनाने डळमळत असेल, म्हणजे तीनाच्या जागी चार वाजवायला लागत असेल, तर उजवा लगेच काढून घ्या आणि डावा एकटा अखंड चालू ठेवा. ही रचना डाव्या हाताच्या भरवशावर उभी आहे.

याच भागात आणखी एक खाच आहे आणि ती सहज नजरेतून निसटते. पाचव्या बारमध्ये उजव्या हाताची ओळ सुराने सुरू होत नाही. ठोक्यावर डावा एकटा पडतो, उजव्याला तिथे विराम आहे, आणि उजव्याचा पहिला जी शार्प त्या विरामानंतर येतो. बहुतेक जण तो ठोक्यावरच टाकतात, मग सगळी ओळ एक सूर पुढे सरकते आणि दोन बारनंतर काहीच जुळत नाही. दोष मात्र त्या दोन बारनंतरच्या जागेला दिला जातो. उपाय म्हणून काही दिवस विरामाच्या जागी उजव्या हाताने पियानोच्या लाकडावर हलकी थाप द्या आणि मग जी शार्प घ्या. थाप अंगवळणी पडली की ती नुसत्या श्वासावर आणा.

डावा हात दुखतो, उजवा आवळतो

डाव्या हातात सहा-सहा सुरांची लाट आहे आणि तिचा पसारा सप्तकाहून मोठा. हात आधीच तेवढा पसरून तसाच धरून ठेवला तर दोन पानांत मनगट भरून येतं. हात बंदच ठेवायचा. करंगळीचा सूर वाजला की ती पट्टी सोडून द्यायची आणि कोपर बाहेर सरकवत हात पुढच्या सुरांवर न्यायचा. सुरांना धरून ठेवण्याचं काम पेडलचं, म्हणजे पायाने दाबायच्या कळीचं. मात्र पेडल लावण्याआधी हा भाग पेडलशिवाय स्वच्छ वाजतो का, हे एकदा पाहाच, कारण पेडलखाली बरीच चूक झाकली जाते.

अनामिकेवर लोक फार राग धरतात. ती दुबळी आहे म्हणून तिला एकटीला उंच उचलायचे व्यायाम करतात. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात, आणि अनामिकेला उचलणारे स्नायुबंध हाताच्या पाठीवर शेजारच्या बोटांच्या बंधांशी जोडलेले असतात. ती एकटी उंच उचलली जाणार नाही, शरीराची रचनाच तशी आहे. तिला हाताच्या किंचित फिरण्याची साथ द्या, म्हणजे तिचा सूर इतरांइतकाच भरेल. प्रत्येक बोटाचं स्वतःचं वळण असतं आणि ते मोडून सगळी सारखी करण्याचा हट्ट धरू नये, असं शोपँही मानत.

दुखणं सुरू झालं की थांबायचं, त्यात चर्चा नको. संगीतकार रॉबर्ट शुमन यांचा उजवा हात विशीतच निकामी व्हायला लागला आणि पियानोवादक होण्याचा त्यांचा रस्ता बंद झाला. विसाव्या शतकात पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी काम करेनाशी झाली. ठरावीक हालचाल करताना स्नायू आपोआप आवळले जाण्याच्या त्या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. पुढची अनेक वर्षं ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले. थकवा विश्रांतीने जातो. मुंग्या येणं, बधिरपणा, बोट आपोआप आत वळणं ही लक्षणं दिसली तर डॉक्टरकडे जा आणि तोवर पियानो बंद ठेवा.

हात बरोबर, तरी गोंधळ होतो तेव्हा

रचनेचा पहिला भाग शेवटी पुन्हा येतो. एकदा तो मधल्या, डी फ्लॅट मेजर या सप्तकातल्या गाण्यासारख्या भागाकडे वळतो, दुसऱ्यांदा समाप्तीकडे. हात इथे दोन फाटे असलेल्या रस्त्यावर उभा असतो, आणि घाईत चुकीच्या फाट्याने गेला की वादक त्याच भागात गोल फिरत राहतो. याला बोटांचा कितीही सराव उपयोगी नाही. दोन्ही फाट्यांचे दोन-दोन बार शेजारी शेजारी ठेवा, पाठोपाठ वाजवा आणि नेमका कोणता सूर बदलतो ते तोंडाने म्हणा. समाप्तीत मधल्या भागाची चाल डाव्या हातात परत येते. ती ऐकायची सवय असेल तर कान आधीच सावध होतो.

प्रतही तपासा. शोपँनी १८३४च्या सुमारास लिहिलेली ही रचना त्यांच्या हयातीत छापलीच गेली नाही. त्यांचे मित्र ज्युलियन फोंताना यांनी ती १८५५ साली प्रसिद्ध केली. पुढे शोपँच्या हस्ताक्षरातली एक प्रत पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांच्या हाती आली आणि तिच्यावरून त्यांनी केलेली आवृत्ती १९६२ साली निघाली. दोन्हींत फरक आहेत. समोर एक प्रत आणि कानात दुसऱ्या प्रतीचं ध्वनिमुद्रण असेल तर काही जागी हात आणि कान कायम भांडत राहतील. एक निवडा.

वाद्याचाही विचार करा. ग्रँड पियानोत (आडव्या तारांचा मोठा पियानो) पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता येतो. सेबास्तियाँ एरार यांनी १८२१ साली पेटंट घेतलेल्या यंत्रणेची ही देणगी आहे. अपराइटमध्ये (भिंतीला टेकवून ठेवायचा उभा पियानो) पट्टी बरीच वर यावी लागते. त्यामुळे जी शार्पसारखा सूर वळणात पुन्हा पुन्हा येतो तिथे अपराइटवर सूर गळतात आणि आपण बोटांना दोष देतो. घरी अपराइट आणि कार्यक्रमात ग्रँड असेल, किंवा उलट, तर आधी किमान एकदा त्या वाद्यावर बसून बघा.

रोज किती आणि कसं

अडलेल्या बारला सलग तासभर देऊ नका. दहा मिनिटं द्या, दुसऱ्या भागाकडे जा, परत या. सलग घोटल्यावर येणारी सफाई बरीचशी त्या बैठकीपुरती असते. मध्ये दुसरं काही वाजवून परत आल्यावर जे जमतं तेच खरं टिकलेलं. शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते, त्यामुळे रात्री जे अर्धवट वाटलं ते सकाळी सुटलेलं असू शकतं. म्हणून बैठकीचा शेवट चुकीवर करू नका. शेवटची खेप हळू आणि स्वच्छ ठेवा.

मेट्रोनोम सतत वर चढवत नेण्यापेक्षा लयी मिसळा: एकदा पूर्ण लयीत पाच सूर, एकदा अर्ध्या लयीत पूर्ण ओळ, एकदा मधल्या लयीत पूर्ण भाग. अडलेल्या आकड्याच्या बरंच वर जाऊन खाली आलं की तो आकडा पूर्वीइतका जड वाटत नाही.

हे सगळं करूनही एखादी जागा महिनाभर हलत नसेल तर पूर्ण रचना दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा आणि परत आल्यावर त्या जागेचं फिंगरिंग कोऱ्या नजरेने नव्याने ठरवा. कार्यक्रमाला आठवडा उरला असेल तर मात्र उलट. तेव्हा एकही बोट बदलू नका, कितीही चांगलं फिंगरिंग सुचलं तरी. जुनंच ठेवा, लय दोन पायऱ्या खाली आणा आणि त्या लयीत रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजवायचा सराव करा.